वाढत्या अंगाचे कपडे

मुलांच्या कपड्यांच्या दुकानात बूड टेकायच्या आत प्रश्न येतो, “किती वर्षांचा आहे?” अडीच म्हटलं की ‘२-३ वर्षे’ छापलेला गठ्ठा काउंटरवर पडतो. त्यातली पँट कमरेला बसते, पण घोट्याच्या चार बोटं वरच थांबते. मग ‘३-४’चा गठ्ठा उघडतो. ती पँट लांबीला बरोबर आणि कमरेला अशी ढगळ, की पोरगं पंख्याकडे बघायला मान वर करतं तोच ती गुडघ्यावर. दुकानदार घड्या घालता घालता सांगतो, “राहू द्या ताई, वाढत्या अंगाचं आहे, होईल.”

उंच आणि शिडशिडीत मुलाच्या आईला हे वाक्य पुण्यात लक्ष्मी रोडवर, तुळशीबागेत, मॉलमध्ये, सगळीकडे ऐकावं लागतं. ते अर्धंच खरं आहे. मूल वाढतं हे खरं, पण ते सगळीकडून सारखं वाढत नाही. दोन ते तीन या वर्षात मूल साधारण ९ सेंटिमीटर उंच होतं, त्यापुढच्या वर्षात ७. कमरेचा घेर त्याच काळात वर्षाला फार तर दीड-दोन सेंटिमीटर वाढतो, सडपातळ मुलाचा कधी तेवढाही नाही. म्हणजे सैल पँट कमरेला ‘होईल’ तोवर ती लांबीला आखूड झालेली असते. नीट बसण्याचा दिवस तिच्या नशिबी येतच नाही.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तेव्हा त्याची उंची ९७ सेंटिमीटर होती आणि वजन १३ किलो. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ सालचा वाढीचा तक्ता वापरतात. त्यात अडीच वर्षांच्या मुलग्यांचा मधला आकडा उंचीला ९२ सेंटिमीटर आणि वजनाला १३.३ किलो आहे. तीन वर्षांच्या मुलग्यांची मधली उंची ९६. थोडक्यात, वजन वयाप्रमाणे आणि उंची तीन वर्षं उलटलेल्या मुलाची. त्यात गैर काहीच नाही. पण रेडीमेड कपडा कापणारा माणूस मधल्या आकड्याचं मूल डोळ्यांसमोर ठेवतो, आणि लांबी वाढवली की त्याच प्रमाणात घेरही वाढवतो. आमच्या पोरासारख्यांची गाडी तिथे अडते.

कपडे सैल असण्याचा पहिला परिणाम मला अपेक्षित नव्हता. लोक मुलाला आजारी समजू लागले. खांद्यावरून ओघळणारा शर्ट, कमरेवर चुण्यांचा गोळा, त्यातून निघालेल्या दोन काटक्या. घरी येणारं प्रत्येक माणूस चहाच्या आधी विचारायचं, “खातो की नाही गं हा?” सासूबाईंनी नाचणीसत्त्व दुप्पट केलं. नणंदेनं टॉनिकची बाटली आणून दिली. एक काकू तर त्याच्यासमोरच म्हणाल्या, “हाडं मोजून घ्या.” तो बिचारा आरशासमोर उभा राहून पोट मोजायला लागला. शेवटी डॉक्टरांनी तक्त्यावर ठिपके मांडून दाखवले. त्याचे ठिपके जन्मापासून आपापल्या रेषेला धरून चालले होते. बघायचं ते एवढंच. रेषा सोडून ठिपका खाली घसरायला लागला किंवा काही महिने वजन हललंच नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. अंगणवाडीत ताई दंडाला जी लाल-पिवळी-हिरवी पट्टी गुंडाळतात, तीसुद्धा याच कामाची आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पट्टी हिरव्यात येते, साडेअकराच्या आत गेला तर लाल. शर्टाच्या आत किती हवा खेळते यावरून मुलाची भूक मोजायची नसते. त्याच पोराला मापाचा कुर्ता घातल्यावर नाचणीसत्त्वाची चर्चा आपोआप थांबली, हेही सांगून टाकते.

दुसरा परिणाम जास्त महागात पडला. घरातल्या एका लग्नासाठी त्याला कुर्ता-पायजम्याचा सेट भेट आला होता, चार ते पाच वर्षांचा, “दोन वर्षं तरी वापरता येईल” असा हिशेब करून घेतलेला. पायजम्याचा घोळ आत दुमडून कच्चा दोरा घातला होता, आणि कमरेला इलॅस्टिक पुरेना म्हणून मागे सेफ्टी पिन. कार्यालयाच्या जिन्यात एका पायाचा दोरा सुटला, दुमड खाली आली, पाय तिच्यात अडकला आणि तो हनुवटीवर आपटला. टाके पडले. दवाखान्यात कपडे सोडवताना दिसलं की पिन उघडी होती आणि टोक पाठीकडे होतं. नशीब म्हणायचं आणि पुढे व्हायचं. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी आमच्या घरात बंद आहेत. चालत्या मुलाच्या कमरेला पिन लावायची नाही, आणि तात्पुरत्या दोऱ्यानं धरलेली दुमड घालून त्याला जिन्यावर सोडायचं नाही. दुमड ठेवायची तर ती मशीनच्या पक्क्या टिपेनं.

आता कामाचं बोलू. उंचीला घ्या आणि कमरेला आवळा. उलटं करता येत नाही. आखूड कपडा लांब होत नाही, रुंद कपडा अरुंद होतो. शिंप्याला हे सांगायची गरज नसते, आपल्यालाच असते.

त्यासाठी वय विसरून मापं जवळ ठेवावी लागतात. उंची, छाती, बेंबीजवळची कमर, आणि जांघेपासून घोट्यापर्यंतची आतली लांबी. माझ्या मोबाइलमध्ये त्याची एक नोंद असते, ‘उंची ९७, छाती ५१, कमर ४७, आतली लांबी ४०’, आणि दर तीन महिन्यांनी मी ती बदलते. दोन वर्षांचं मूल टेपसमोर उभं राहत नाही हे मला माहीत आहे. ते झोपलेलं असताना मोजा. झोपून मोजलेली उंची उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, तेवढं वजा करा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सध्या छान बसणारी एक पँट आणि एक शर्ट जमिनीवर सपाट पसरून मोजायचे आणि दुकानातला कपडा त्या आकड्यांशी ताडून बघायचा. ऑनलाइन खरेदीत तर हाच एक मार्ग आहे. मात्र तिथल्या तक्त्यात ‘कपड्याचं माप’ दिलंय की ‘अंगाचं माप’ हे आधी वाचा. दोन्हींत छातीला चार-सहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो, आणि हे न बघता मागवलेला शर्ट हमखास परत पाठवावा लागतो.

डायपर घालून मोजलं की न घालता, हेही लिहून ठेवा. लहान मुलांच्या बऱ्याच पँटचं आसन डायपर धरून रुंद कापलेलं असतं. अमेरिकेहून आत्या-मावश्या जे ‘टू टी’, ‘थ्री टी’ लिहिलेले कपडे पाठवतात, त्यांत तर ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. डायपर सुटला की त्याच पँटला मागे झोळी पडते. कालपर्यंत बसणारी पँट आज घसरते तेव्हा मूल वाळलेलं नसतं, डायपर गेलेला असतो.

आणि नेमकी इथेच खरी पंचाईत आहे, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. बारीक कमरेला पँट टिकवायची तर ती घट्ट हवी. पण याच वयात मूल ‘शी-शू’ सांगायला आणि स्वतः पँट खाली करायला शिकत असतं. नाडीची गाठ मारली तर पँट टिकते, पण गाठ सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. पट्टा लावला तर त्याचं बक्कल त्याला उघडत नाही. डंगरी उंच-सडपातळ मुलाला फार शोभते, खांद्यावरचे पट्टे लांबवता येतात, कमरेचा प्रश्नच नाही, पण शी-शू शिकवण्याच्या महिन्यांत ती कपाटात ठेवा. इलॅस्टिक करकचून आवळलं तर कमरेवर लाल वळ उठतात आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याच रेषेवर घामोळं येतं.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे काजाचं इलॅस्टिक. नेफ्याच्या आतून इलॅस्टिकची एक पट्टी फिरते, तिला ओळीनं काजं पाडलेली असतात, आणि दोन्ही बगलांना आतून एकेक बटण असतं. आईनं सकाळी हवं ते काज बटणात अडकवायचं. मूल पँट नेहमीसारखी ओढून खाली करतं, त्याला बटणाशी देणंघेणं नाही. मूल भरलं की एक काज सोडायचं. हल्ली बऱ्याच रेडीमेड जीन्समध्ये ही सोय असते. पँट उलटी करून नेफ्याच्या आत बघायची सवय लावा, बाहेरून ती दिसत नाही. नसेल तर ही पट्टी शिवणसाहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते, आपल्याकडे रविवार पेठेत मिळते. नेफ्याला आतून दोन चिरा देऊन, कडा शिवून, पट्टी ओवली की झालं. तेवढा खटाटोप नको असेल तर नेफ्याची शिवण मागच्या बाजूला दोन इंच उसवा, जुनं इलॅस्टिक काढा आणि नवं घाला. कमर ४७ असेल तर इलॅस्टिक ४४-४५ सेंटिमीटर कापा, त्याहून आखूड नको. घातल्यावर नेफ्याखाली आपली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. वळ उठत असतील तर रुंद इलॅस्टिक घ्या. अरुंद दोरीसारखं इलॅस्टिक स्वस्त पडतं, पण कातडीत रुततं.

इलॅस्टिकलाही मर्यादा आहे. पँट कमरेला बरीच मोठी असेल तर सगळं कापड चुण्यांत गोळा होतं आणि मूल बसलं की ते पाठीला टोचतं. अशा वेळी अल्टरवाल्या काकांकडून मागची शिवण घ्यावी. दोन इंचांपर्यंत ती घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात आणि पँट कायमची वाकडी दिसते. मग ती पँट आपली नव्हेच, सोडून द्या. काकांना एक गोष्ट बजावून सांगा, जादा कापड कापू नका, माया आत राहू द्या. खाली दीड-दोन इंचांची दुमड आणि आत तेवढीच माया असली, तर तो कपडा खरोखर वाढत्या अंगाचा. नऊ सेंटिमीटर वाढीतली निम्मी पायांत जाते असं धरलं, तर दोन इंचांची, म्हणजे पाच सेंटिमीटरची दुमड जवळजवळ वर्षभर पुरते. दुकानदार म्हणतो तो सैलपणा हा नव्हे.

आपल्या जुन्या शिवणाला हे ठाऊक होतं. मुलींच्या परकराला खालून दोन-तीन टक घातलेले असायचे, मुलगी वाढली की एकेक टक उसवायचा. कमरेला नाडी, म्हणजे घेराचा प्रश्न मिटला. वर पोलकं अंगाबरोबर, आतल्या शिवणीत माया. उंच मुलीला असा परकर दोन दिवाळ्या सहज जायचा. आज हे शिवून मागितलं तर शिंपी वैतागतो, शिलाईही रेडीमेड फ्रॉकच्या किमतीइतकी सांगतो. तरी सणासुदीच्या कपड्यांसाठी मी शिवूनच घेते. बोरनहाणाचा काळा कुर्ता मी शिवून घेतला, आणि हलव्याच्या दागिन्यांखाली तो कुठेही लोंबला नाही. सुती कापड आधी पाण्यातून काढून मगच शिवायला टाका, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी मापं बदलतात.

धुण्यावरून आठवलं, होजिअरीचा टी-शर्ट उंच मुलाचा वैरीच. विणलेलं सुती कापड धुतल्यावर लांबीत आकसतं आणि रुंदीत सैलावतं. म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. दुकानात कमरेखाली येणारा टी-शर्ट चार धुण्यांनंतर बेंबी दाखवतो आणि खांद्यावरून मात्र ओघळतो. म्हणून टी-शर्ट घेताना लांबीला दोन-तीन बोटं जास्त बघायची, खांद्याची शिवण मात्र खांद्याच्या हाडावरच आली पाहिजे. रिबचं, म्हणजे उभ्या रेघांचं ताणलं जाणारं कापड सडपातळ अंगाला चांगलं धरून राहतं. वाळत घालताना खांद्याला चिमटे लावून लटकवू नका, आडवं पसरा आणि ओलं असतानाच लांबीच्या दिशेनं हलकं ओढून घ्या. एकसंध बॉडीसूट आणि रॉम्पर तर दीड वर्षानंतर बंदच करावेत. उंच मुलाला ते खांद्यापासून जांघेपर्यंत ताणून बसतात आणि त्याला कुठे आवळतंय ते सांगताही येत नाही.

दुकानात कपडा घालून बघायला मूल तयार झालंच, तर आरशासमोर उभं करून समाधान मानू नका. दोन्ही हात वर करायला लावा, पोट उघडं पडलं तर शर्ट आखूड. उकिडवं बसवा, मागून पाठ दिसली तर पँटचं आसन कमी. मग दुकानाच्या दारापर्यंत पळू द्या. दुकानदार नाराज होतो, पण पँट पळताना घसरते की नाही हे पळल्याशिवाय कळत नाही.

युरोपीय पद्धतीच्या लेबलावर वयाऐवजी उंचीचे सेंटिमीटर असतात, ८६, ९२, ९८, १०४, सहा-सहाच्या टप्प्यांनी. माझ्या अनुभवात हे लेबल सगळ्यात प्रामाणिक. घेर त्यातही कळत नाही, पण निदान लांबीचा अंदाज चुकत नाही. आपल्या पेठांतल्या दुकानांत सोळा-अठरा-वीस असे नंबर चालतात. एका कंपनीचा वीस दुसरीच्या बाविसाला भारी पडतो, तेव्हा नंबरावर न जाता टेप लावा. भारतीय अंगांची मापं घेण्याचं मोठं काम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं ‘इंडियासाइज’ नावानं हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत, पंचवीस हजारांवर माणसांची मापं घ्यायची, असं ते ठरलं. पण वयोगट १५ ते ६५. दोन वर्षांची पोरं त्यात कुठेच नाहीत.

एका बाबतीत मात्र मापाशी तडजोड करा, सुरक्षिततेशी नको. गळ्याशी किंवा टोपीला लटकती दोरी असलेला स्वेटशर्ट कितीही बरोबर बसत असला तरी घेऊ नका, घेतलाच तर दोरी घरी आल्या आल्या उपसून टाका. घसरगुंडीच्या कठड्यात, बसच्या दारात ती अडकते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९६ सालीच याबद्दल सूचना काढल्या, आणि युरोपच्या मानकात सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी दोरी चालतच नाही. आपल्या रस्त्यावर आणि दुकानांत असे कपडे सर्रास टांगलेले दिसतात. सडपातळ मुलांच्या आया सैल गळा आवळायला ही दोरी सोयीची समजतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कपाटातलं काहीही फेकण्याआधी एकदा बघा. आखूड झालेली, पण कमरेला अजून बसणारी पँट गुडघ्यावर कापून दुमडली की उन्हाळ्याची हाफ पँट होते. आमच्या पोराला सगळ्यात छान बसणाऱ्या चड्ड्या याच आहेत. कारण कमर त्याचीच आहे. आखूड टी-शर्ट थंडीत आतून बंडी म्हणून चालतो. प्लेग्रुपचा गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यायचा असेल तर जून उजाडायची वाट बघू नका. गर्दीत तिथे कुणी तुमचं ऐकत नाही. मे महिन्यात जाऊन उंचीचा नंबर घ्या आणि कमर आपल्या शिंप्याकडून करून घ्या.

आणि वाढदिवसाला, बोरनहाणाला मुलांना कपडे देणाऱ्या आत्या-काकूंना एक विनंती. पाकीट बांधण्याआधी मुलाच्या आईला फोन करून उंची आणि कमर विचारा, टॅग काढू नका आणि बिल पिशवीतच राहू द्या. बदलून आणायला पुष्कळ दुकानं थोडेच दिवस देतात.